तुझ्या फ्रेरियाला फूल आलं

प्रिय आत्या,

आज सकाळी तुझ्या फ्रेरियाला फूल आलं! घरात सांगितलं तर सगळे "अरे वा" म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मग तुला नाही तर कुणाला सांगू?

पाच टोकांचं, गडद किरमिजी, मधे पिवळे ठिपके. मी नाक जवळ नेलं आणि त्या कुजक्या वासानं लगेच मागे घेतलं. "ती माश्यांसाठी फुलते गं, तुझ्यासाठी नाही," असं तू म्हणायचीस ना? माश्या आल्यासुद्धा!

पण एवढं दुर्मीळ झाड गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीत ठेवून गेलीस, तर उन्हाळ्यात ते आपणहून पानं टाकतं हे कुणाला तरी सांगून जायचंस! गेल्या वर्षी तू गेलीस आणि थोड्याच दिवसांत तिची पानं गळली. शेजारच्या सावंतकाकूंना वाटलं, तुझ्यामागे हिनंही अन्न सोडलं. मग रोज तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी तुझ्या कुंडीत! मी आले तेव्हा देठ कुजायला लागले होते.

"आत्याबाईंचं झाड, तहानलेलं कसं ठेवू गं?" म्हणत काकू रडायलाच लागल्या. त्यांच्यावर रागावणार तरी कशी?

खरं सांगते, फार घाबरले. वाटलं, तू आता दुसऱ्यांदा जाणार. एकच फांदी टणक उरली होती. तू कॉलेजात मुलांना शिकवायचीस तशीच ती कापली, सावलीत सुकवली, खडीवाळूत लावली आणि करी रोडला आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. काकूंना बजावलं, बघायला या, पण तांब्या घरी ठेवून!

आख्ख्या प्रजातीत, तुझ्या भाषेत जीनसमध्ये, ही फ्रेरिया एकटीच जाती, याचा तुला केवढा तोरा होता! हिच्या जवळच्या नातलग झाडांना धड पानं नाहीत, हिला आहेत, म्हणून हिचं घर वेगळं. मग तज्ज्ञांनी हिला त्या नातलगांच्याच प्रजातीत नेऊन बसवलं, नावही बदललं, आणि त्या दिवशी तू जेवली नाहीस. "मी लग्न करून आडनाव बदललं नाही, हिनं का बदलावं?" बाबा हसले म्हणून सख्ख्या भावाशी अबोला धरलास. किती हट्टी होतीस गं! हिचं त्या झाडांशी नातं खरं आहे, हे तुला आतून पटलं होतं ना? माझ्यापाशी तरी बोलायचंस.

आज मात्र खूप हायसं वाटतंय. कुंडीवर पाटी लावलीय. वर नवं नाव, बाउसेरोसिया, कारण चुकीचं लिहिलेलं तुला चाललं नसतं. आणि त्याखाली, लग्नानंतर माहेरचं नाव लिहितात तसं, "पूर्वाश्रमीची फ्रेरिया". आता तरी जेवशील?

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पानं गळतील. तेव्हा मी पाणी घालणार नाही, आणि ती गेली असंही समजणार नाही. वचन.

तुझी भाची,
मीनू