यादीतलं सातवं नाव

९ जून
प्रकरण ३ टाइप करून संपलं. शांतवन सरांना वाचून दाखवलं. डोळे गेल्यापासून सर सगळं कानांनीच तपासतात. चुकलं की काठी फरशीवर आपटतात. आज तीनदा आपटली. एकदा माझी चूक. दोनदा त्यांचीच, चाळीस वर्षांपूर्वीची.

घरी बाबांची फर्स्ट शिफ्ट सुटली होती. सातपूरच्या कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि सुरू.
"घरात पहिली बी.ए. आणि काम काय, तर म्हाताऱ्या पाद्र्याची पोथी टाइप कर."
पोथी नाही, त्यांचं आयुष्य आहे, मी म्हटलं.
"आयुष्य त्यांचं, बोटं तुझी. बाटवतील एक दिवस."
दीड वर्षात एकदाही चर्चला ये म्हणाले नाहीत.
"मग तर जास्तच हुशार हायेत."

११ जून
प्र. ४. शांतवन सर धर्मशास्त्राच्या कॉलेजचे प्राचार्य होते तेव्हाची गोष्ट. एक कुटुंब चर्च सोडून आपल्या जुन्या देवांकडे परत गेलं. मग घरातला म्हातारा वारला. तो शेवटपर्यंत चर्चचाच होता. पण पंच म्हणाले, मुलांनी कबरस्तानात पाऊल टाकायचं नाही. सरांनी स्वतः फाटक उघडलं, मुलांना आत घेतलं. महिन्याभरात प्राचार्यपद गेलं.

सर सांगत होते: "घटनेत धर्म पाळायचं स्वातंत्र्य लिहिलंय, ते आपल्याला फक्त इतरांनी आपल्याकडे येण्यापुरतं हवं असतं. आपल्यातून कोणी गेला की आपणही अडवणाऱ्यांसारखेच." मग हसले. बाहेरचे त्यांना परदेशी एजंट म्हणत, चर्चवाले घरभेदी. "दोन्हीकडून शिव्या आल्या की समजायचं, साधारण मध्ये उभे आहोत."

हे वाक्य ठेवायचं की नाही, विचारायचं राहिलं.

१६ जून
आईला हौसा मावशीचा फोन. तिच्या पाड्यावर बैठक झाली. देवरामच्या अंगणात रविवारी येशूच्या प्रार्थनेला जाणाऱ्यांना यंदा सावड नाही.

सावड नाही म्हणजे लावणी नाही. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. आमच्या डोंगरात भात असंच लागतं. एकट्यादुकट्याने होत नाही.

आईने हळूच विचारलं, "तू जातेस का गं तिकडे?"
मावशी: "जाते. वढ्याच्या वाटंनं. भाजी खुडायला चालले म्हनून सांगते. गुडगं दुखत्यात, तिथं बसलं की बरं वाटतं. डोंगरदेवालाबी नारळ देते. त्ये दोगं भांडत नायत, मानसंच का भांडत्यात?"
पाड्यावर कोणाला माहीत नाही. म्हणून तिची सावड शाबूत. काका गेल्यापासून ती एकटीच आहे.

१८ जून
सरांना सांगितलं. त्यांनी लगेच अर्ज सांगायला सुरुवात केली. दीड पान. शेवटी: "खाली तुझं नाव, माझं नाव. त्यांच्यातलं एकही घालायचं नाही."
का, विचारलं. काठी आपटली.

२३ जून
तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. टेबलावरचे साहेब वाचून म्हणाले, "अन्याय कोणावर झाला? नावं? नाहीत? मग कोणावर झालाच नाही. मोघम तक्रार धरून फाईल बंद होईल, मॅडम."
बाहेरच्या बाकावर बसून नावं लिहिली. मावशीने फोनवर सांगितलेली, प्रार्थनेला येणारी सगळी. नऊ. सातवं, हौसाबाई लक्ष्मण भोये. खरं लिहायचं तर पुरतं खरं, असं वाटलं.
पोच मिळाली, शिक्क्यासकट. आमच्या घरातल्या कोणी सरकारी ऑफिसात जाऊन स्वतःच्या अक्षरावर शिक्का मारून घेतला, हे पहिल्यांदा. बसमध्ये तो कागद दोनदा काढून बघितला.
सरांना फक्त "अर्ज दिला" एवढंच सांगितलं.

८ जुलै
लिहवत नाही.
अर्ज चौकशीसाठी खाली पाठवला. खाली म्हणजे त्याच गावात. ग्रामसेवकाने सभेत वाचून दाखवला, एकेक नाव. मावशी पुढेच बसली होती. तिचं नाव आलं तेव्हा लोक आधी हसले, काहीतरी चूक असेल म्हणून. मग कोणीतरी विचारलं, "हौशे, तू?"
नाही म्हणाली असती तर संपलं असतं.
ती हो म्हणाली.

९ जुलै
सरांना सगळं सांगितलं. बाकावर बसून नावं लिहिली तेही.
काठी आपटली नाही. मग म्हणाले, लिहून घे.
त्यांची पहिली नेमणूक डोंगरातच होती. वय सव्वीस. बाप्तिस्मा घेतलेल्यांची यादी त्यांनी मिशनच्या मासिकात छापली. नाव, बापाचं नाव, गाव. मध्ये स्वतःचा फोटो. "मला वाटलं साक्ष देतोय. बढाई मारत होतो." पंधरा दिवसांत त्यातली तीन घरं गावातून उठली. कुठे गेली, सरांना आजतागायत माहीत नाही. त्यानंतर त्यांनी कधीच कोणाचं नाव छापलं नाही.
"हे आधी का नाही सांगितलंत?"
"लाज."
एवढंच.
राग आला. हे कळलं असतं तर मी यादी केली नसती. मग आठवलं, शिक्क्याचा कागद मीही त्यांच्यापासून दोन आठवडे लपवला होता.
"प्र. १ च्या आधी घाल," म्हणाले. "बाकीचं ज्याला वाचायचं त्याने हे वाचून मग वाचावं."

१४ जुलै
गावाची अट आली. प्रार्थनेला जाणार नाही असं मावशीने सभेत लिहून द्यायचं, अंगठ्यासकट. दुसऱ्या दिवशी सावड येईल. सभा रविवारी दहाला. देवरामची प्रार्थनाही दहालाच असते.
रोप जून व्हायला लागलंय. आणखी आठवड्याने लावून उपयोग नाही.
आई: "देऊन टाक म्हणावं लिहून. कागदच तो."
बाबांनी ताटात हात धुतला. मग: "मी रजा टाकतो. तिघं जाऊन लावू."
आईने वर बघितलं.
"काय बघतेस? त्या पाद्र्यावर माझा इस्वास नाय. हौशी माझी मेव्हणी हाय."

१५ जुलै
सरांना म्हटलं, सभेला चला. तुमच्यासमोर बोलायला घाबरतील.
"मी गेलो तर ती माझी ठरेल. ती माझी नाही."
तिने लिहून द्यावं का?
"ते मी ठरवलं तर माझ्यात आणि सभेत फरक काय?"
दिलं नाही तर खाईल काय, सर?
काठी दोन्ही हातांत धरून बसले. "माहीत नाही. पन्नास वर्षं हेच शिकवलं आणि याचं उत्तर नाही माझ्याकडे. एक मात्र कर. तिने अंगठा दिला तर ती हरली असं माझ्या पुस्तकात लिहू नकोस. तेवढं तरी माझ्या हातात आहे."
आज टाइप काहीच केलं नाही.

१९ जुलै, पाडा
दोन दिवस चिखलात. कंबर गेली. चौघांत मिळून अर्धंही लागलेलं नाही. बाबांना उद्या संध्याकाळची गाडी, परवा शिफ्ट.
शेजारच्या खाचरात पंधराएक जणांची सावड. कोणी इकडे बघत नाही. दुपारी त्यांच्यातली एक, मावशीची लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडातून निसटल्यासारखी ओरडली, "हौशे, रांग वाकडी चाललीय गं!"
मावशी: "मंग ये की सरळ कराया."
ती इकडे यायला वळली. बाकीच्या बायकांनी तिच्याकडे बघितलं. ती परत आपल्या रांगेत वाकली.

बांधावर भाकरी खाताना मावशीला सांगितलं. यादी मी लिहिली.
"ठावं हाय."
कसं?
"हौसाबाई लक्ष्मण भोये असं पुरं कोन लिवनार? गावात समदी हौशीच म्हनत्यात. तुजे काका गेले तवापासून पुरं नाव कोनी घेतलंच नाय."
मग हो का म्हणालीस?
भाकरीचा तुकडा मोडून बसली. "पुरं नाव ऐकलं ना. तोंडातून हो गेलं. तवा कुठं ठावं हुतं काय इचारत्यात."
मला रागाव, म्हटलं.
"रागावून रोप लागंल का?"

२० जुलै, रविवार
सकाळी मावशी म्हणाली, "कागुद तूच लिव. तुजं अक्षर समद्यांला वाचता येतं." हे तिने टोचून म्हटलं की साधं, कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.
दोन ओळी लिहिल्या. वाचून दाखवल्या.
"पुरं नाव लिवलंस?"
हो.
अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला. तिने बघितला, हात लावला नाही. कागदाची चार घड्यांची पुडी करून कनवटीला लावली. आई म्हणाली, आम्ही येतो सोबत. मावशी नको म्हणाली. मग माझ्याकडे वळून: "तू तर नकोच. तुजं तोंड बगितलं की तुज्यासाटी ठरवीन."

साडेनऊला गेली. पिंपळापर्यंत एकच वाट. पुढे डावीकडे शाळा, तिथे सभा. उजवीकडे ओढा, पलीकडे देवरामचं घर. पिंपळाखाली ती थांबलेली दिसली. घोंगडी सारखी केली. मग धुकं आलं.

शाईचा डबा इथेच राहिलाय. सभेत दुसरा असेलच.

अकरा वाजले. शेजारच्या खाचरात आज कोणी नाही, सगळे सभेला. आई चुलीपाशी. बाबा एकटेच लावतायत. इथून दिसतंय, रांग वाकडी चाललीय. मी ओरडून सांगितलं नाही.
वही ठेवते. रोप शिल्लक आहे, खाली जाते.