बांद्याच्या फेरीआधी बदललेले शॉकअप

आबा,

मास्तरांची शाळा सुटायला अजून वेळ आहे आणि मला घरात बसवत नाही. फाटकापर्यंत जातो, परत येतो, गाडीचं बॉनेट उगाच उघडतो आणि मिटतो. आई आतून ओरडते, "मेल्या, एका जाग्यार बस तरी, नायतर खंय जातलंस थंय जा एकदा!" तिला माहीत नाही की जायचं तिथे जायला शाळा सुटावी लागते. म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. तुम्हाला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही, कारण रोज संध्याकाळी तुम्ही घरी यायचात आणि मग एका तापात एकदम यायचे बंद झालात.

आज मला मास्तरांकडे जाऊन त्यांची मुलगी मागायची आहे. आपल्याकडे असलं बोलणं पोरगा स्वतः करत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. बापूस जातो, बापूस नसला तर काका. काका माझ्याशी बोलत नाही, कारण तुमची गाडी मी त्याच्याकडून भांडून परत आणली. तुमच्यामागे त्याने ती भाड्याला चालवली, आणि माणसांची भाडी मिळेनात तेव्हा मासळीच्या टोपल्या वाहिल्या. मी कोल्हापुरात शिकत होतो. होतो म्हणजे मागच्या साली प्रॅक्टिकल चालू असताना हातातली काचेची नळी टेबलावर ठेवली, खोलीवर जाऊन ट्रंक उचलली आणि मिळेल त्या एस.टी.त बसलो. मास्तरांच्या मुलीसाठी स्थळं बघताहेत असं गावाहून आलेला एक जण सहज बोलून गेला होता, तेवढं पुरलं. आई त्या दिवशी चुलीपुढे वाटप वाटत होती. वर न बघता म्हणाली, "इलंस? पेज आसा. ट्रंक कित्याक हाडलंस?" तिने वाटप पुरं केलं, हात धुतले आणि मगच रडली.

गाडी आणली तेव्हा ती डोलत होती. चढावर ठीक, पण उतार लागला की तिला थांबणं ठाऊक नसल्यासारखं. एखाद्या खड्ड्यातून गेली तर खड्डा मागे राहायचा आणि आम्ही आपले खालीवर होतच राहायचो. ब्रेक दाबला की नाक जमिनीकडे. नाक्यावरचे लोक सांगत, "डिकीत दोन चिरे टाक रे, गाडी दबान चलात." काकाने तेच केलं होतं. डिकी उघडली तर आत खरोखर चिरे, वर मासळीचं पाणी सुकून झालेला पांढरा थर. इतकी वर्षं हा माणूस दगड फिरवत होता! मी ते चिरे त्याच्या अंगणात नेऊन टाकले. तेव्हापासून तर बोलणं साफ बंद.

चिरे काढल्यावर मी तुमच्यासारखं करून बघितलं. मडगार्डवर तळवा ठेवला, अंगाचा भार टाकला आणि सोडला. तुम्ही हे रोज सकाळी, चहा घ्यायच्या आधी, चारी कोपऱ्यांवर करायचात. एकदा मला जवळ बोलावलंत. अंगणात उभे आहात, बनियनवर, आणि सांगताय, "बघ. दाबलंय. बसली, उठली, थांबली. ही बरी. दाबल्यार हालतच रवली तर जाण, शॉकअप मेलो." त्याच्या आदल्या दिवशी मी आणि शेजारची पोरं मागच्या बंपरवर उभं राहून नाचत होतो, तेव्हा तुम्ही माझा कान असा धरला होतात की अजून आठवण काढली तर गरम होतो. "गाडी म्हणजे काय पाळणो रे? खेळाक समुद्र आसा थंय जा." आणि मग शॉकअप बदललेत त्या दिवशी जुन्यातलं रबर काढून मला दिलंत. मी ते अंगठ्यात घालून शाळेत गेलो आणि दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही. त्याच आठवड्यात कोणी बडा माणूस घाईने कुडाळला निघाला होता, आणि नवे शॉकअप तेव्हा अजून यायचे होते म्हणून तुम्ही त्याला सरळ नाही म्हणालात. आई सांगते, तो चिडून गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "मागे बसलेलो माणूस रस्तो बघणा नाय. माका बघता."

माझ्या तळव्याखाली ती हलतच राहिली. चारी कोपऱ्यांवर. आत वाकून बघितलं तर शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर लाल माती बसलेली, चिखलाचा लेपच. टायर हाताने चाचपले, तर कडेला जागोजागी चघळल्यासारखे. सगळं कळत होतं, करत मात्र नव्हतो. आज करू, उद्या करू. खरं म्हणजे कसलंच काही करावंसं वाटत नव्हतं. मास्तरांच्या घरावरून गाडी नेताना हॉर्न वाजवायचा, ती खिडकीत आली तर दिवस बरा, नाही आली तर पहिला भेटेल त्याच्याशी भांडण. असे दिवस चालले होते.

मग मास्तरच आले. त्यांनी मला पाचवीपासून शिकवलं, कॉलेजात जा म्हणून आईची समजूत त्यांनीच काढली होती. गाडीजवळ उभे राहून, माझ्याकडे न बघता, ऑफिसात बोलावं तसं म्हणाले, "रविवारी आम्हाला बांद्याला जायचं आहे. काजूचे मोठे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे मुलगी दाखवायची आहे. गाडी मोकळी आहे ना?" मी आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर दुसरी गाडी गेली असती, आणि तिला दुसरा कोणी घेऊन जातो तेही मला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली उताणा पडलो होतो, तर चाकाशेजारी तिचे पाय दिसले. चप्पल एका पट्ट्याने तुटलेली. मी बाहेर आलो नाही, तीही वाकली नाही. तिच्या पायांशीच बोलणं झालं.

"बाबांनी रविवारची गाडी तुकाच सांगल्यानी मां?"

"सांगल्यानी."

"तुझी गाडी रोज खंय तरी बंद पडता. ती रविवारीच पडाक काय झाला?"

"बंद पडणा नाय गो. हालता. शॉकअप गेलेत."

"मगे हालांदे! माका मोटार लागता. बांद्याक पोचासर माझा तोंड असा जायत की ते लोक चाय पण इचारूचे नाय."

मी हसलो तशी तिने चाकावर लाथ मारली. "हसतंस काय? माझा लगीन होता आसा थंय, आणि ह्यो गाडयेखाली निजान हसता." आणि गेली. मी तिथेच पडून राहिलो. एवढा आनंद मला कॉलेजच्या कुठल्याही निकालाने झाला नव्हता. ठरवलं, काही दुरुस्त करायचं नाही. वाटलंच तर कुडाळच्या पुढे एक वायर काढू.

शनिवारच्या आधी एकदा रिकामीच गाडी घेऊन कसालच्या उतारावर गेलो, उगाच, डोकं शांत करायला. वळणावर बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला. नाक खाली गेलं, मागची बाजू हलकी होऊन गटाराकडे सरकली आणि चाक जमिनीला लागायलाच तयार नाही. थांबलो तेव्हा गाडीवान मला आईवरून शिव्या देत होता, आणि मी आरशातून मागच्या रिकाम्या सीटकडे बघत होतो. तिथे ती बसणार होती. परत आलो तो थेट नाक्यावर. कोल्हापूरहून येणाऱ्या कंडक्टरला नवे शॉकअप सांगून ठेवले, तो दुसऱ्या दिवशी पोत्यात बांधून घेऊन आला. मागची जोडी आणि पुढची जोडी. एकाच बाजूचा बदलला तर गाडी त्या बाजूने एक आणि दुसरीकडून दुसरंच सांगते, हेही तुमचंच.

आबा, त्या नटांनी माझा जीव घेतला. खारी हवा आणि काकाच्या मासळीचं पाणी, दोन्ही मिळून लोखंडाचं बिस्किट झालं होतं. मागचा आस जॅकवर उचलला, खाली परसातले चिरे लावले (शेवटी चिरेच कामाला आले), नटांवर घासलेट ओतून ठेवलं. पाना घसरला आणि बोटांची सालं गेली. मी पाना फेकून दिला, तो माडाला लागला. आई दारात येऊन म्हणाली, "बापाशीचो हत्यार तो. उचल." उचलला. छिन्नी लावून एक नट कापूनच काढला. जुना शॉकअप हातात आला तर ओढला तसा आला, सोडला तसा गेला. त्यात काही नव्हतंच. नवा उभा धरून वरखाली ओढला, पुन्हा ओढला, आतली हवा जाऊन हाताला जड लागेपर्यंत. नवी रबरं घातली, चाकं जमिनीवर टेकवली आणि मगच नट आवळले. मग मडगार्ड दाबलं. बसली, उठली, थांबली. मी अंगणात एकटाच ओरडलो. आणि ओरडल्यावर कळलं की मी कोणासाठी काय करून बसलो आहे.

रविवारी मास्तरांच्या अंगणात गाडीपुढे नारळ आणि विड्याची पानं ठेवली होती. गाऱ्हाणं घालायला देवळातला म्हातारा आला होता. तिची आई, दोन शेजारी, मास्तर, आणि दाराशी ती, हिरव्या साडीत, माझ्याकडे न बघता. म्हाताऱ्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां बांद्याक जातत. वाटेर खंयचो धोको येव नको रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "ह्या गाडयेक आणि गाडी चलवणाऱ्याक संभाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि ज्या कामाक जातत, ता फत्ते करून ह्या चेडवाचा लगीन थंयच जुळान येऊंदे रे म्हाराजा!"

आणि आबा, मी ओरडलो. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने. लहानपणापासून जत्रेत, नव्या होडीपुढे, दर शिमग्याला ओरडत आलो, गाऱ्हाणं थांबलं की तोंड आपोआप उघडतं. शब्द बाहेर पडला आणि मी तिच्याकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. ती एकदाही म्हणाली नव्हती.

बांद्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. वायर काढायला हात उचललाच नाही. गाडी इतकी बरी चालली होती की वळणावर तिची आई झोपली. त्या ओरडण्यानंतर मुद्दाम बंद पाडली असती, तरी ती उतरून चालत गेली असती, पण माझ्याकडे बघितलं नसतं. त्या व्यापाऱ्यांच्या ओट्यावर त्यांना तासभर चहा-फराळ, मी बाहेर गाडीला टेकून. मास्तर हसत बाहेर आले तेव्हाच कळलं.

येताना कुडाळात चहाला थांबलो. मास्तर आणि तिची आई हॉटेलात गेली, ती नको म्हणून गाडीतच बसली. मी बाहेर उभा.

"हालली नाय गाडी," ती म्हणाली.

"नाय."

"माका लागली पण नाय. बऱ्या तोंडान उतारलंय, तेंका पसंत पडलंय. तुझी किरपा."

"उतारार गटारात गेली असती गो गाडी. तू मागे बसलेलं."

ती खिडकीतून वाकली. मग म्हणाली, "आणि गाऱ्हाण्यात सगळ्यात मोठ्यान कोण आराडलो?"

"सवय. तोंडातसून गेला."

"देवाक सांगूक तुका तोंड आसा. बाबांका सांगूक नाय? गुरुवारी ते बांद्याक होकार कळवतले." तेवढ्यात मास्तर आले. घरी उतरताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी छान ठेवली आहेस. अभ्यास असाच ठेवला असतास तर?" मला इतका राग आला की तसाच गिअर टाकला.

आज मंगळवार. सकाळपासून तुम्ही मास्तरांशी कसे बोलला असतात ते जुळवतो आहे. "मास्तरांनु, माझ्या झिलाक तुमचा चेडू..." इथपर्यंत येतो आणि पुढे माझंच बोलणं सुरू होतं, चिडकं, भरधाव, मध्येच अडकणारं. हा कागद कुठल्या पोस्टात टाकायचा नाही, तेव्हा खरं ते लिहून टाकतो. आबा, तुमचा आवाज मला आठवत नाही. तुमचं जे जे वर लिहिलं ते लिहिताना मला आईच्या आवाजात ऐकू येत होतं. त्यामुळे तिथे जाऊन मी तुमच्यासारखं बोललो की नाही, हे मला कधी कळणारही नाही. शाळेची घंटा झाली. जातो, आणि येतं तसंच बोलतो.