जोगणवाडीच्या तलावात माउलीचा तराफा सोडण्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
जोगणवाडी साठवण तलाव शाखा,
जि. धाराशिव.

विषय : दि. १६ जुलै रोजी माउलीची तसबीर तराफ्यावरून तलावात फिरवण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : आपले दि. २४ जून २०२५ चे त्रुटीपत्र (तिसरे).

महोदय,

अर्जदार गोरोबा दगडोबा नगरे, जातीने व धंद्याने भोई, याच तलावात चाळीस वर्षे जाळे टाकत आहे. त्याचा मुलगा रणधीर स्पेन देशात, बास्क मुलुखातल्या एका बंदरावर मच्छीमार बोटीत कामाला होता. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या तुफानात तो समुद्रात पडला. तो सापडला नाही.

त्या गावची रीत अशी, की दरसाल १६ जुलैला चर्चमधल्या मारियामातेची मूर्ती होडीत बसवतात, गावच्या साऱ्या होड्या तिच्यामागे निघतात आणि भर समुद्रात बुडालेल्यांची नावे घेऊन फुले सोडतात. फुले घरच्याच माणसाने सोडायची असतात. रणधीरची फुले आजवर त्याचा कप्तान सोडत आला. यंदा त्याने मातेची तसबीर धाडून कळवले, की तुमच्या पाण्यात तुम्ही सोडा, मातेला चालते. धाकटी मुलगी निकिता हिने पत्र वाचून दाखवले, तेव्हा अर्जदाराची पत्नी सत्यभामा म्हणाली, "माणसं हुडकायला जी माय सोता होडीत बसती, तिला आपल्या तलावात कोण अडवंल?" बाई साधी आहे. तिला शाखा कार्यालय माहीत नाही.

१) पहिल्या अर्जात अर्जदाराने 'देवी' असे लिहिले, ही त्याची चूक झाली. कार्यालयाने लगोलग विसर्जनाचा छापील नमुना दिला आणि मंडळाची नोंदणी व आवाजाचे हमीपत्र मागितले. मिरवणुकीत नवरा, बायको आणि मुलगी एवढेच आहेत. वाजंत्री नाही. मात्र तिघांपैकी कोण किती रडेल हे आधी सांगता येत नसल्याने आवाजाची हमी देता आली नाही.

२) दुसऱ्या अर्जात 'ख्रिस्ती माता' असा खुलासा केला. त्यावर अर्जदाराने धर्म कधी बदलला, अशी विचारणा झाली. बदललेला नाही. देव्हाऱ्यात तुळजाभवानी व खंडोबा आहेत, शेजारी ही तसबीर आहे, आणि आजवर त्यांच्यात कुरबूर झालेली नाही. याच पत्रात तीन लाइफ जॅकेट व अर्जदारास पोहता येत असल्याचा दाखला मागितला असून, तलाव मृतसाठ्यात असल्याचेही नमूद आहे. पाणी गुडघाभर आहे. तराफा ढकलतच न्यावा लागेल. हुकूम असल्यास तिघेही जॅकेट घालून चिखलातून चालू.

३) तिसऱ्या अर्जावर रणधीरच्या मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामपंचायत म्हणते, मृत्यू जिथे झाला तिथे नोंद करा. तिकडचे कोर्ट अजून तारखाच देत आहे. तलाव मेल्याचे आपण बिनदाखला लिहून देता, पोराचे मात्र बापाच्या शब्दावर धकत नाही. आपले लिपिक साहेब मायेनेच म्हणाले, "काका, कागदावर पोरगं जित्तं हाय. जित्त्या माणसाच्या नावानं फुलं सोडायची तर त्याची संमती नको व्हय?" आपल्या पत्रातही तेच आहे : रणधीरने समक्ष हजर राहून लेखी संमती द्यावी.

हे वाचून अर्जदाराचे डोके फिरले, दोन दिवस जाळे टाकले नाही. सत्यभामेने मात्र ते पत्र दोनदा वाचून घेतले आणि तसबिरीखाली जपून ठेवले. सरकार त्याला जिवंत म्हणते, एवढेच तिने धरले आहे.

तरी अट मान्य आहे. रणधीरच्या नावे हजर राहण्याची नोटीस आपण आपल्या सहीशिक्क्याने काढावी. आईबापाने तीन वर्षे हाका मारल्या, तो आला नाही. सरकारी कागदाला कदाचित मान देईल. तो आल्यास अर्जदार हा अर्ज त्याच दिवशी आनंदाने मागे घेईल. न आल्यास १६ तारखेला सकाळी तराफा पाण्यात असेल.

आपल्या नोटिशीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही) गोरोबा दगडोबा नगरे
मौजे जोगणवाडी, दि. ३० जून २०२५

सोबत :
१) आधीच्या तीन अर्जांच्या प्रती.
२) कप्तानाचे पत्र, निकिताने केलेल्या मराठीसह.
३) संमतीपत्र, मजकूर भरलेला. रणधीरच्या सहीची जागा मोकळी सोडली आहे.