उत्तम शुक्रवारचं उधाण

शिरवणे,
१६ एप्रिल १९७९

ती. वैजयंतीताईस,
मधुकरचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

पुनरुत्थानाच्या सणाचं तुझं कार्ड शनिवारी मिळालं. मी ते उलटं करून ठेवलंय. रागावू नकोस. तू जालन्याच्या दवाखान्यात रोज जखमा बांधतेस, ही एक बांधता येते का बघ.

तुला ठाऊकच आहे, मी इथल्या मिठागरात उघाडीवर असतो. उघाडी म्हणजे बांधातलं फळीचं दार. फळी उचलली की खाडीचं पाणी आत येतं, उधाणाच्या आधी ती पाडायची. माकडालाही जमेल असं काम, म्हणून तू मागच्या पत्रात चिडवलं होतंस. ताई, मला नाही जमलं.

उत्तम शुक्रवारी, प्रभू वधस्तंभावर गेला त्याच दिवशी, पौर्णिमेचं उधाण, तेही भर दुपारी. सकाळी फळी उचलली होती, अकराच्या आत पाडायची होती. तेवढ्यात सोबतचा सदू सांगत आला, पुतळाला बघायला उलव्याची माणसं आलीत. पुतळा म्हणजे हिरामणकाकांची मुलगी, जिच्यापायी मी तुला चार चार पानं लिहितो. माझं डोकं फिरलं. तसाच धावलो. तिच्या परसात उभा राहून नको नको ते बोललो. ती म्हणत होती, हळू बोल, आत बापाची इज्जत बसलीय. काकांनी मला पाहिलं आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून मागचं दार ओढून घेतलं.

परत आलो तर खाडी आत. वाफ्यांतलं पिकलेलं मीठ दोन दिवसांत उचलायचं होतं. सगळं विरघळलं. तीस घरांची चार महिन्यांची मेहनत, ताई.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमला, काठ्या घेऊन. कुणी ओरडलं, हा घाटावरचा किरिस्ताव, बांधा याला. आणि उघाडीचे मुकादम हिरामणकाका पुढे झाले. म्हणाले, पोराचा दोष नाय, आज त्याचा सन, मीच त्याला प्रार्थनेला धाडला, फली माज्याकडं व्हती, पाव्हन्यांच्या नादात इसरलो. लोकांनी त्यांना मारलं. पहिला हात गावातल्या गंगारामने टाकला. मिठागराच्या मालकाने मुकादमी काढून घेतली. आणि मी? तीन वेळा तोंड उघडलं, तिन्ही वेळा मिटलं. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या त्या शिष्यासारखंच, कोंबडा तेवढा आरवायचा राहिला.

चर्चमध्ये पाळकसाहेब दरवर्षी सांगायचे, प्रभू आपल्याऐवजी मेला. मी आमेन म्हणून घरी यायचो, हातपाय धुवायचो. 'ऐवजी' म्हणजे काय ते आता कळलं, आणि मला ते नकोय! मी मागितलं होतं का? असलं काही अंगावर घेऊन माणूस जगतो कसा? बांधावर उभा राहिलो की पाणी बोलावतं. लवकर लिही.

भाऊ कसाही निघाला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
मधू

जालना,
२१ एप्रिल १९७९

चि. मधूस,
अ. उ. आ.

पत्र आल्यापासून वॉर्डात दोनदा भलत्याच पेशंटला थर्मामीटर लावलं. आधी हे ऐक. पाण्याजवळ जायचं नाही. त्या माणसाने मार खाल्ला तो तू बुडावास म्हणून नव्हे.

कॉलेजातही तू असाच वागलास. सरांनी माफ केलं तर म्हणालास, कुणाची माफी नको, आणि दप्तर टाकून निघून आलास. तुला शिक्षा चालते रे, ती सोसताना ताठ उभं राहता येतं. माफीला वाकावं लागतं. वधस्तंभापाशी तुझ्यासारखे सगळे इथंच अडखळतात, मीही अडखळले आहे.

पण एक सांगते. प्रभूला खाली उतरवणं आपल्या हातात नव्हतं. हिरामणकाकांना उतरवणं तुझ्या हातात आहे. जा, गावासमोर खरं सांग. फेड म्हणून सांगू नकोस, फिटायचं नाही ते. खरं आहे म्हणून सांग. त्यानंतर काका जे देतील ते घे आणि हात मागे ओढू नकोस.

आईला काही बोललेली नाही. तुझं पत्र माझ्या बायबलात दडवलंय.

उलट टपाली चार ओळी तरी धाड, जीव टांगलेला आहे.
तुझी,
ताई

शिरवणे,
४ मे १९७९

ती. ताईस,
सलाम वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. रविवारी देवळापुढे उभा राहून सगळं सांगितलं. कुणीच विश्वास ठेवला नाही, ताई! गंगाराम हसला. म्हणाला, बघा रं, उलव्याची सोयरीक मोडली तसा हा सासरा वाचवायला निघाला. मी शपथा घेतल्या, त्याची कॉलर धरली. मग तर जास्तच हसले. माझ्या प्रेमाचा एवढा बोभाटा मीच करून ठेवलाय की माझं खरं बोलणंही त्यातलंच वाटलं.

पुतळाने सदूच्या बहिणीकडून निरोप धाडला. म्हणे, बापाच्या पाठीवरचे वळ तुडवत तुझ्या घरात येनार नाय.

काल महाप्याला गेलो. तिथे कारखान्यांच्या नव्या रस्त्यावर हिरामणकाका खडी फोडतात, साठीच्या वयात. मी पाय धरले, म्हणालो, मला मारा, एकदा तरी मारा. ते म्हणाले, ऊठ, खडी टोचंल. का केलंत विचारलं, तर हातोडा न थांबवता म्हणाले, तुला त्यांनी जित्ता सोरला नसता, मला नुसता मारून सोरला. जावय करायचा म्हनून केलं असं मनात आनू नको, जावय म्हनून तू मला पसंत नाय. मी म्हणालो, मग मी तुमच्यासाठी काय करू ते तरी सांगा. म्हणाले, काय बी नको.

मला राग आला, ताई. खरोखर राग. काहीतरी मागा की, निदान एक शिवी द्या!

दुपारी त्यांनी फडकं सोडलं. तांदळाची भाकरी आणि सुकट. अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. मी ती परत त्यांच्या पुढ्यात सारली. तर म्हणाले, आता भाकरीशी बी भांडतोस काय? खा, नायतर कावलं खातील.

खाल्ली. नाक पुसत, रडत, सगळी खाल्ली. ते माझ्याकडे न बघता खात होते.

प्रार्थनेत त्यांचं नाव माझ्याआधी घेत जा, एवढा लोभ असावा.
तुझा,
मधू