मिठाचं मडकं आणि ट्रे नं. ३

३ मे १९८४
शेवाळाचा ट्रे नं. ३ पिवळा. सकाळी निळी-हिरवी जाड साय होती, दुपारी चारला आजारी माणसासारखा. बाकी पाच ट्रे ठीक. माती, सुपर फॉस्फेट, चुना सगळं मीच मोजून घातलेलं. चूक माझी नाही.
पाणी चाखलं. खारट!
सौ.ला विचारलं. पावसाळ्याआधी मिठाचं मडकं धुतलं, ते पाणी ट्रेत. "तुमीच त सांगतलं, ट्रेतलं पानी आटू देऊ नोको. उन्हाळ्यात बादलीभर पानी फेकू काय जी?"
रागावलो. हे शेवाळ हवेतलं नत्र धरून धानाला देतं, सौ.ने त्याचं लोणचं घातलं.

४ मे
शेजारच्या सोमाजीला कळलंच. पानठेल्यावर, सगळ्यांदेखत: "काहून गा, शेवाळाले मीठ लावून राहिला मने? तेल-मिरची कधी?"
ट्रे ओतणार होतो. सौ. म्हणाली, "राहू द्या. जागा थोडाच खातो तो."

१२ मे
ट्रे ३ च्या कडेला बोटभर हिरवं!! भिंगाखाली या शेवाळाच्या त्याच, मण्यांसारख्या माळा. दुसरं काही शिरलेलं नाही. म्हणजे सगळं मेलं नव्हतं. सौ.ला एवढ्यात सांगायचं नाही.
(सांगितलं. राहवलं नाही.)

२० मे
परीक्षा. दोन काचेच्या बरण्या, प्रत्येकी एक लिटर पाणी, एक चमचा मीठ, सपाट. एकीत ट्रे १ चं शेवाळ, दुसरीत ट्रे ३ चं.

२३ मे
ट्रे १ चं पांढरंफटक. ट्रे ३ चं हिरवंगार, बुडबुडे सोडतंय. आणि हे शोधणारा मी सातवी पास. मुद्दाम लिहून ठेवतो.
विहिरीमागची खारी बांधी, आमचं बांध घातलेलं धानाचं शेत, डोळ्यांपुढून हलेना. उन्हाळ्यात मिठाची पांढरी पूड वर येते म्हणून बाबांनी ती पेरायची सोडली. यंदा तिथे धान घ्यायचाच. सोमाजी: "त्या बांधीत धान पिकला त मी मिशी काढीन!" पाच जणांत बोलला. साक्षीदारांची नावं मागच्या पानावर.

९ जून
नागपूरच्या प्राध्यापकांचं पत्र. मी ट्रे ३ बद्दल अकरा प्रश्न लिहून पाठवले होते, नऊंची उत्तरं आली. खारं पाणी पेशीतलं पाणी ओढून घेतं, सोडियम आत घुसतं. पेशी ते बाहेर फेकते, पोटॅशियम धरून वेळ निभावते, मग आत साखर साठवते, म्हणजे बाहेरच्या ओढीला तोड. उसात असते तीच साखर! त्यासाठीची प्रथिनं नव्याने बनवावी लागतात. तगलेल्या थोड्या पेशी वाढून ट्रेत हिरवं दिसायला नऊ दिवस लागले.
खाली रेघ मारून त्यांनी लिहिलंय: शेवाळ जगलं म्हणून धान जगेलच असं नाही.
सौ.ला वाचून दाखवलं. "म्हंजे बाहेर खारं, पोटात गोड. माह्या सासूच्या उलट."
चहा सांडला. आईवर हसणं बरं नाही. पण काय करणार.

२१ जुलै
खाऱ्या बांधीत दोनदा पाणी भरून सोडलं, मीठ धुवायला. आज रोवणी, धानाची रोपं (पऱ्हे) लावली. रोवणाऱ्या बाया: "दादाजी, हे पऱ्हे इथं मारायले आनले काय?" हसू दिलं त्यांना.

२९ जुलै
ट्रे ३ चं वाळवलेलं शेवाळ बांधीत टाकलं. सौ.ने स्वतः, सुपातून. "मले द्या. माह्या मडक्याचं हाये."

४ ऑगस्ट
साय धरली! नऊ ठिकाणी, सगळ्यात मोठी सुपाएवढी. भिंगाखाली मण्यांच्या माळा. शेवाळ जिंकलं. सौ.ने शिरा केला.
धानाचे शेंडे पिवळे. तेही लिहायला हवं.

१३ ऑगस्ट
मधून नवीन पान आलंय. सौ. म्हणते हिरवं, मी म्हणतो पोपटी. मोजून वीस चुडांपैकी (रोपांच्या झुबक्यांपैकी) तेरांना. लोंबी धरेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलंय दोघांनी.
सकाळी सोमाजी बांधावर. उकिडवा बसून बराच वेळ पाहत होता.
"कायले आला गा?"
"असाच."
गेला तेव्हा हात मिशीवर होता.