ड्रमावरचं नाव

आत्या,

सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला कोर्टात चालले. तुमचा डोळा लागला होता, मनून उठवलं न्हाई. म्हशीची धार काढून ठिवलीय. दुधाचा कॅन तेवढा शीतलकडून सोसायटीत पोचवा.

आज घटस्फोटाचा हुकूम हातात पडंल. दादा मनतो, आता पोरीला घिऊन माहेरी चल. मी त्याला न्हाई मनून सांगणार हाय. मागच्या तारखेला तुमी सासू आसून जजसाहेबासमोर, पोटचा लेक शेजारी उभा आसताना मनलात, "पोरगी आईपाशीच राहील, अन् दोघी माझ्या घरात राहतील." त्याचंच आज लिहितेय. तुमी होता मनून मी उभी हाय.

राती तुमी दोन भाकरी जास्त थापल्या. शीतलच्या बापाला आवडती ती कारळाची चटणी बी कुटली. कुणासाठी ते मी इचारलं न्हाई. सगळं बांधून घेतलंय. कोर्टात त्यांच्या हातात देते, आईनं दिलंय मनून सांगते.

टँकर दुपारी येईल. ड्रम एकटीनं वढू नका, शीतलला संगं घ्या. त्याच्यावरचं शीतलच्या बापाचं नाव खरडून तुमी काल माझं घालून घेतलं, ते मला आज निघताना दिसलं. अक्षरावर बोट टेकवून बघितलं. जरा जपून धरा, रंग अजून वला हाय.

शिवकन्या