दोन नावांची एक रुग्ण

प्रिय गिरजा,

एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तुला या नावाने एकदाही हाक मारली नाही. आज मारतो आहे. उद्या सकाळी कारध्याच्या ग्रामसभेत मला तुझ्या मृत्यूविषयी बोलायचे आहे, आणि जे गावासमोर कबूल करणार आहे ते आधी तुला सांगणे मला उचित वाटते.

सभेपुढे दोन ठराव आहेत. सर्व कुटुंबांना मोफत उपचाराचे कार्ड दिल्याबद्दल एका पक्षाला शासनाचे अभिनंदन करायचे आहे. दुसऱ्याला त्याच योजनेचा निषेध करायचा आहे. मी दोघांनाही हवा आहे.

काल उपसरपंच अंगणात येऊन बसले. "काका, अभिनंदनाच्या ठरावात तुमी अडंगा घालनार म्हन्ते. कायले? सरकारनं सगळ्यायले कार्ड देल्लं नं?"

"दिले. माझ्या पत्नीलाही दिले होते. ती गेली तेव्हा ते तिच्या उशाखाली होते."

ते गेल्यावर विरोधी पक्षाचे कार्यकर्ते आले. "बाबूजी, तुमी काई बोलू नोका. निसते मंचावर बसा. काकूचा मोठा फोटो आमी लावतो." त्यांच्या ठरावात उपचाराबद्दल काय लिहिले आहे, असे मी विचारले. त्यांनी कागद उलटून पाहिला. निषेध होता, घोषणा होती, उपचार कुठेच नव्हता.

तू असतीस तर दोघांनाही चहा पाजून परत धाडले असतेस आणि पाठ वळताच त्यांची नक्कल केली असतीस.

आता कबुली. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून माझ्या हाती अंगठी दिली गेली. मी त्यात 'अनुराधा' असे लिहिले. गिरजा हे नाव मला, पदवीधर माणसाला, खेडवळ वाटले होते. तुला कोणी विचारले नाही, मीही नाही. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "आता कोनी हाक मारली त मी वळून पाहीन का नाई, मले माहीत नाई." मी तो विनोद समजलो.

शिधापत्रिकेवर तू अनुराधा झालीस; उपचाराचे कार्डही त्यावरूनच निघाले. पुढे माहेरी, नाकाडोंगरीला, शिबिरात शाळेच्या दाखल्यावरून आधार काढलेस, तिथे गिरजाच राहिलीस. मी तहसील कार्यालयात पुरवठा शाखेचा अव्वल कारकून. दुरुस्तीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला असता. तू किती वेळा म्हणालीस, "गावच्या बायकायचे नावं सुधरवता, माहं कधी सुधरवान?" आणि मी उत्तर देत असे की स्वतःच्या घरचे काम स्वतःच्या टेबलावर करणे नियमाला धरून नाही. दुसऱ्या शाखेत अर्ज दे, असेही मी कधी सांगितले नाही. याला मी सचोटी म्हणत होतो. गिरजा, तो आळस होता का? की गर्व?

रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवरील मनुष्य उद्धट नव्हता. "कार्ड अनुराधाबाईचं हाय, आधार गिरजाबाईचं. पेशंट कोन व्हय?" चाकाच्या खुर्चीत बसून, छातीवर हात दाबून तू म्हणालीस, "दोघीबी मीच व्हय, बापा. जिले दुखून राहिलं तिले घ्या." रांगेतले लोक हसले. त्याने तुला खाट दिली. शस्त्रक्रियेची मंजुरी मात्र कागद जुळल्याखेरीज मागता येत नव्हती.

तुझा भाऊ म्हणाला, "भाऊजी, आमदाराच्या मानसाले एक फोन लावतो. दहा मिनटात काम होते." मी त्याला थांबवले. हक्कासाठी शिफारस लावायची नसते, असे म्हणालो. मग प्रतिज्ञापत्र घेऊन माझ्याच जुन्या कार्यालयात गेलो. माझ्या खुर्चीवरील कारकुनाने लग्नाचा पुरावा मागितला. नियमाप्रमाणे त्याचे बरोबर होते. बपेरा गावच्या एका म्हातारीला मीही याच कारणासाठी तीनदा परत पाठवले होते. तिसऱ्या दिवशी मी त्या रांगेत उभा असताना तू गेलीस.

तो फोन आज कोणी लावू म्हणाले, तर मी लावू देईन. आणि लावताना मला लाज वाटेल. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्यांपैकी एकही लपवणार नाही. परंतु श्वास घेण्यासाठी ज्या देशात ओळख लागते, तिथे कोणी 'सर्वांना' हा शब्द उच्चारावा कसा?

म्हणून मी तिसरा ठराव लिहिला आहे. दारात आलेल्या रुग्णावर प्रथम उपचार व्हावा. तो कोण, कुठला, त्याचे नाव कोणत्या कागदावर कसे आहे, याची चौकशी शासनाने नंतर आणि स्वतःच्या माणसांकडून करावी.

काल अंगणात तो वाचून उपसरपंच म्हणाले होते, "मंग कोनीबी येईन आन फुकटात आपरेशन करून जाईन."

"येऊ द्या," मी म्हणालो. "हौसेखातर छाती चिरून घेणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही."

"काका, कायदा असा नसते."

"मग तो तसा करावा लागेल. त्यासाठीच तुम्हाला निवडून दिले आहे."

ते चिडून उठले. माझ्या ठरावाला अनुमोदक मिळेल, अशी चिन्हे नाहीत. दोन्ही पक्ष मला खाली बसवतील. एकमेकांशी त्यांचे कदाचित पहिल्यांदाच एकमत होईल. तुझ्या भावाला मी अनुमोदन मागू शकत नाही, तो परगावचा मतदार आहे. पाहा, अजूनही मी नियम पाळतोच आहे.

तरी एक वचन देतो. उद्या तुझा फोटो कोणत्याही मंचावर लागणार नाही. माझे पहिले वाक्य शासनाविरुद्ध नसेल, विरोधकांविरुद्धही नसेल. ते निवृत्त अव्वल कारकुनाविरुद्ध असेल. त्यानंतर मी ठराव वाचीन. तो फेटाळला गेला, तर पुढच्या ग्रामसभेत वाचीन, त्यापुढच्याही. माझ्या भाषणाची वेळ संपली असे ते सांगतील. त्या वेळी मी आयुष्यात प्रथमच नियम मोडीन आणि उभाच राहीन.

तुझा,
वामन